फ्रँकफर्ट ते लिस्बन: अंतर किती, विमानात किती वेळ, आणि दारापासून दारापर्यंत खरे किती तास लागतात

युरोपात नवीन आलेल्या आपल्या लोकांचा एक प्रश्न हमखास असतो, "अमुक गावाहून तमुक गावाला विमानाने किती वेळ लागतो?" आणि उत्तर म्हणून लोक जे नेटवर पहिलं दिसेल ते सांगून मोकळे होतात, मग कोणी म्हणतं अडीच तास, कोणी म्हणतं तीन, तिकिटावर बघावं तर दोनच तास दिसतात, आणि माणूस चक्रावतो. यातलं एकही उत्तर चूक नसतं खरं तर, प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजत असतो. म्हणून एकच रूट घेऊन सगळा हिशोब पहिल्यापासून मांडते. रूट घेतलाय फ्रँकफर्ट ते लिस्बन, कारण जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला आलेली बरीच मराठी मुलं पहिली मोठी सुट्टी पोर्तुगालला काढतात, आणि मुंबईहून लिस्बनला जाणारेही बरेचदा फ्रँकफर्टलाच विमान बदलतात. गोव्यातल्या ज्या घरांतली माणसं पोर्तुगालमधे आहेत त्यांना तर हा रस्ता पाठच असेल. पद्धत एकदा कळली की कुठल्याही दोन विमानतळांना लावा.

पायरी १: आधी विमानतळ नक्की करा, शहर नाही

हे सगळ्यात आधी, कारण इथे गडबड झाली तर पुढचं सगळं गणित वाया. प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी कोड असतो. फ्रँकफर्टचा मुख्य विमानतळ म्हणजे एफआरए, लिस्बनचा एलआयएस. पण "फ्रँकफर्ट" हे नाव लावणारा अजून एक विमानतळ आहे, फ्रँकफर्ट-हान, कोड एचएचएन, आणि तो फ्रँकफर्ट शहरापासून रस्त्याने साधारण १२० किमी लांब आहे! स्वस्त तिकीट दिसलं म्हणून घेतलं आणि कोड बघितलाच नाही तर पहाटेच्या बसचे पैसे आणि दोन तास वर. पॅरिसचं बोव्हे, स्टॉकहोमचं स्काव्स्टा ही पण त्याच जातीची, नाव मोठ्या शहराचं आणि विमानतळ भलतीकडेच. लंडनला तर हिथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन, सिटी, साउथएंड असे सहा आहेत. त्यामुळे तिकीट काढताना कोड वाचायचा, मग शहराचं नाव.

लिस्बनला सध्या प्रवाशांसाठी एकच विमानतळ आहे, उंबेर्तु देल्गादु, जुनी माणसं पोर्तेला म्हणतात. १९४२ पासून चालू आहे आणि आता चारी बाजूंनी शहराने वेढला गेलाय. नवीन विमानतळ तेजू नदीपलीकडे आल्कोशेतला बांधायचं सरकारने २०२४ मधे ठरवलं आणि त्याला कवी लुईश द कामोंइशचं नाव द्यायचं जाहीर केलं, हा कवी १५५३ मधे गोव्यात आला होता. पण ते तयार व्हायला बरीच वर्षं आहेत, सध्या तुमचं विमान जुन्याच ठिकाणी उतरणार.

पायरी २: अंतर काढा, स्वतः काढा

वेबसाइटवर १,८७५ दिसतं, कुठे १,१६५, तर कुठे १,०१२. तिन्ही बरोबर. पहिलं किलोमीटर, दुसरं साधे मैल, तिसरं सागरी मैल. विमानवाले सागरी मैल वापरतात, एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी. नुसतं "माइल्स" लिहिलेलं असलं की कुठले ते तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हे अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावरचं दोन ठिकाणांमधलं सगळ्यात जवळचं अंतर. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन गावांवर दोरा ताणून धरा, दोरा जिथून जातो तो मार्ग. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर लांबच्या प्रवासात चांगलाच फरक पडतो.

फोनमधल्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर हे दोन मिनिटांत होतं. फ्रँकफर्ट आहे ५०.०३३ उत्तर आणि ८.५७१ पूर्व. लिस्बन ३८.७७४ उत्तर आणि ९.१३४ पश्चिम. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला आहे म्हणून रेखांशांची बेरीज करायची, १७.७०५ अंश (दोन्ही एकाच बाजूला असते तर वजाबाकी). आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा, येतो ०.४८० च्या आसपास. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि त्या १७.७०५ चा कोसाइन, तिघांचा गुणाकार, तो येतो ०.४७७. बेरीज ०.९५७. तिचा उलटा कोसाइन घेतला की १६.८६ अंश. एका अंशात ६० सागरी मैल, म्हणजे १,०१२ सागरी मैल, किंवा अंशाला १११.२ किमी धरून साधारण १,८७५ किमी. झालं. कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर आहे ना ते बघा आणि मधले आकडे राउंड करू नका, नाहीतर शेवटी दहा-पंधरा किमीचा घोळ होतो.

याच मार्गाचा बरोबर मध्य कुठे येतो माहितीये? फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर, बोर्दोजवळच्या आर्काशोंच्या खाडीपाशी. म्हणजे जर्मनीतून निघून सगळा फ्रान्स तिरका कापला की अर्धं अंतर संपतं, पुढे बिस्केचा उपसागर, मग उत्तर स्पेन आणि मग पोर्तुगाल. ढग नसतील तर खिडकीतून खाली जमीन संपून पाणी सुरू होताना स्पष्ट दिसतं, घड्याळ बघा तेव्हा, निम्मा प्रवास झालेला असतो. मला हे बघायला फार आवडतं.

खरं विमान मात्र दोऱ्यासारखं सरळ जात नाही. टेकऑफनंतरचे ठरलेले वळणाचे मार्ग, उतरण्याआधीचे ठरलेले मार्ग, मधे वादळ असलं तर बगल देणं, लष्करी सरावासाठी बंद ठेवलेलं आकाश, यामुळे प्रत्यक्ष उडलेलं अंतर थोडं जास्तच भरतं. आणि रस्त्याने हेच अंतर सव्वादोन हजार किमीच्या आसपास जातं.

पायरी ३: अंतराचा वेळ करा

युरोपातल्या जेट विमानांसाठी माझा ठोकताळा असा: किमीला ८०० ने भागा आणि वर अर्धा तास टाका. १,८७५ भागिले ८०० म्हणजे २ तास २१ मिनिटं, अधिक ३० म्हणजे २ तास ५१. लंडन-अथेन्स साधारण २,४०० किमी, तिथे साडेतीन तास येतात. माद्रिद-लिस्बन ५१३ किमी, तिथे एक तास आठ मिनिटं. वेळापत्रकातले आकडे याहून दहा-पंधरा मिनिटं जास्त असतात, का ते पुढे सांगते.

आता अर्धा तास कशाचा? विमान वर चढताना आणि खाली उतरताना हळू असतं, आणि जमिनीवर रांगेत घालवलेला वेळही त्यातच येतो. वर गेल्यावर एअरबस ३२० सारखं विमान ताशी ८३० किमीच्या आसपास जातं, पण हा वेग हवेच्या तुलनेत. हवाच जर समोरून ताशी १०० ने येत असेल तर जमिनीच्या हिशोबाने तुम्ही ७३० नेच चाललायत. युरोपावर उंचावरचे वारे बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि हिवाळ्यात जास्त जोरात, म्हणून लिस्बनला जाताना वारा तोंडावर आणि परत येताना पाठीवर. उंचावर सरळ कापायचं अंतर १,४०० किमी धरलं तर वारा नसताना १ तास ४१ मिनिटं, समोरून १०० चा वारा असेल तर १ तास ५५, पाठीवर असेल तर दीड तास. एवढाच तो फरक, पण म्हणूनच वेळापत्रकात जाण्याचा वेळ येण्यापेक्षा साधारण दहा मिनिटांनी जास्त दाखवतात.

पायरी ४: तिकिटावरचे वेळ वाचायला शिका

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो म्हणून जरा सावकाश.

तिकिटावरचे दोन्ही वेळ त्या त्या गावचे असतात, कायम. पोर्तुगालचं घड्याळ जर्मनीपेक्षा एक तास मागे. उन्हाळ्यात दोन्ही देश घड्याळ पुढे नेतात आणि ऑक्टोबरमधे मागे आणतात, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, एकाच क्षणी, त्यामुळे हा एक तास वर्षभर एक तासच राहतो. समजा फ्रँकफर्टहून १०:०० ला निघून लिस्बनला १२:०५ ला पोचतं असं लिहिलंय. वजाबाकी केली तर २ तास ५, त्यात एक तास मिळवा, ३ तास ५ मिनिटं, हा खरा वेळ. परत येताना १३:०० ला निघून १६:५५ ला पोचतं, दिसतात ३ तास ५५, एक तास काढा, उरले २ तास ५५. पश्चिमेला जाताना मिळवा, पूर्वेला येताना काढा.

पण युरोपात नकाशा बघून टाइम झोन ओळखायला जाऊ नका. स्पेन लिस्बनच्या शेजारी असूनही जर्मनीच्या घड्याळावर चालतं! म्हणून माद्रिद-लिस्बनचं सव्वा तासाचं विमान तिकिटावर पंधरा-वीस मिनिटांचं दिसतं आणि उलट्या दिशेला सव्वादोन तासांचं. घरी फोन करायचा तर भारत जर्मनीच्या हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे, पोर्तुगालसाठी अजून एक मिळवा, साडेपाच आणि साडेचार. लिस्बनला रात्री साडेनऊला जेवून "आता आईला फोन करते" म्हणाल तर हिवाळ्यात तिकडे पहाटेचे तीन वाजलेले असतात.

दुसरी गोष्ट, तिकिटावरचा वेळ हा गेटपासून गेटपर्यंतचा असतो, चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंतचा नाही. विमान गेटवरून मागे सरकलं की घड्याळ सुरू, लिस्बनला जागेवर उभं राहिलं की बंद. फ्रँकफर्ट प्रचंड मोठा विमानतळ आहे, चार धावपट्ट्या, त्यातली पश्चिमेची एक फक्त उड्डाणासाठी आणि २०११ मधे सुरू झालेली वायव्येकडची फक्त उतरण्यासाठी, त्यामुळे कुठल्या गेटवरून कुठल्या पट्टीवर जायचं त्यावर पंधरा-वीस मिनिटं जमिनीवरच जाऊ शकतात. हिवाळ्यात पंखांवरचा बर्फ काढायला थांबवलं तर अजून. लिस्बनला उलटा प्रकार, एकच धावपट्टी, आणि गर्दी एवढी की पुष्कळदा आकाशातच घिरट्या घालायला लावतात. कंपन्यांना हे सगळं माहीत असतं म्हणून त्या वेळापत्रकात थोडी राखीव मिनिटं आधीच घालून ठेवतात, आणि वर या व्यवसायात १५ मिनिटांच्या आतला उशीर "वेळेवर"च धरतात.

म्हणजे प्रत्यक्ष हवेत अडीच ते पावणेतीन तास, तिकिटाप्रमाणे तीन तासांच्या आसपास, आणि घड्याळाकडे बघितलं तर दोन. लोक जी तीन वेगवेगळी उत्तरं देतात ती अशी येतात.

पायरी ५: मागच्या आठवड्यात खरं काय झालं ते बघा

तुमच्या फ्लाइटचा नंबर घ्या आणि फ्लाइटरडार२४ या वेबसाइटवर टाका, फुकटात मागच्या सात दिवसांचा इतिहास दिसतो, रोज किती वाजता निघालं, किती वाजता टेकलं. सातातले सगळ्यात चांगले आणि सगळ्यात वाईट दिवस बाजूला ठेवून मधला आकडा धरा. रोजच पाऊण तास उशिरा येतंय असं दिसलं तर लिस्बनहून पुढची ट्रेन लगेचची काढू नका. एवढं साधं काम आहे पण कोणी करत नाही.

कधी कधी सगळे बसलेत, दरवाजे बंद झालेत, आणि कॅप्टन सांगतो की आम्हाला "स्लॉट" मिळालाय, चाळीस मिनिटं थांबायचंय. युरोपचं आकाश भरलं की ब्रुसेल्समधून युरोकंट्रोल प्रत्येक विमानाला टेकऑफची ठरावीक वेळ देतं, त्या वेळेच्या पाच मिनिटं आधीपासून दहा मिनिटं नंतरपर्यंत उडायचं, नाहीतर नवीन वेळ मागायची. आपला रूट फ्रान्स पूर्ण ओलांडून जातो, त्यामुळे तुमचा फ्रान्सशी काही संबंध नसला तरी तिथल्या हवाई नियंत्रकांचा संप तुम्हाला लागतो. निघायच्या आदल्या दिवशी फ्रान्सच्या संपाची बातमी आहे का ते बघून ठेवा.

पायरी ६: १,५०० किमीची रेघ, अंतर माहीत असण्याचा खरा फायदा

नवीन आलेल्यांना ही गोष्ट बहुतेक माहीतच नसते आणि हक्काचे पैसे सोडून दिले जातात, म्हणून मनापासून सांगते, नीट वाचा. युरोपियन युनियनचा २६१ नंबरचा नियम आहे, २००४ चा. विमान मुक्कामी तीन तास किंवा जास्त उशिरा पोचलं आणि कारण कंपनीच्या हातातलं होतं तर नुकसानभरपाई मिळते, आणि ती तिकिटाच्या किमतीवर ठरत नाही, अंतरावर ठरते. १,५०० किमीपर्यंत २५० युरो. युनियनच्या आतला १,५०० च्या वरचा प्रवास असेल तर ४०० युरो. युनियनच्या बाहेर जाणारा किंवा बाहेरून येणारा ३,५०० किमीच्या वर असेल तर ६००. फ्रँकफर्ट-लिस्बन १,८७५, म्हणजे ४०० युरो, तिकीट साठ युरोचं असलं तरी. आणि अंतर मोजायचं ते वर काढलं तेच, दोऱ्याचं.

पोचण्याची वेळ म्हणजे चाकं टेकली ती वेळ नाही, विमानाचा दरवाजा उघडून उतरायची परवानगी मिळाली ती, युरोपच्या न्यायालयाने २०१४ मधे तसं स्पष्ट केलंय. २ तास ५५ मिनिटांनी टेकलं आणि दरवाजा ३ तास ५ ला उघडला तर तुम्ही बसता नियमात. म्हणून उशीर झाला की दरवाजा उघडतानाच्या क्षणी फोनवर घड्याळासकट फोटो काढून ठेवा, बोर्डिंग पास टाकून देऊ नका. संप हवाई नियंत्रकांचा असेल किंवा हवामान खरंच वाईट असेल तर भरपाई मिळत नाही, पण तीन तासांच्या वर ताटकळायला लागलं तर खाणंपिणं द्यावंच लागतं, आणि रात्र काढायची वेळ आली तर हॉटेलही.

मुंबईहून येणाऱ्यांसाठी: मुंबई-फ्रँकफर्ट-लिस्बन एकाच बुकिंगवर असेल तर अंतर मुंबई ते लिस्बन सरळ धरतात, ८,००० किमीच्या आसपास, दोन तुकड्यांची बेरीज नाही. युरोपियन कंपनी असेल तर शेवटच्या मुक्कामी किती उशिरा पोचलात ते बघितलं जातं. दोन वेगवेगळी तिकिटं काढली असतील आणि पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तर दुसरीवाली कंपनी काहीच देणार नाही. या नियमात बदल करायची चर्चा युरोपात चालू आहे, तेव्हा क्लेम टाकताना त्या दिवशीचा नियम बघून घ्या.

पायरी ७: दारापासून दारापर्यंत

फ्रँकफर्टच्या मुख्य स्टेशनवरून एस८ किंवा एस९ लोकल पकडली तर दहा-पंधरा मिनिटांत विमानतळ. घरून स्टेशनपर्यंत धरून पाऊण तास. विमानतळावर दोन तास आधी, बॅग चेक-इन करायची नसेल तर दीडसुद्धा चालतात पण सुट्ट्यांच्या दिवसांत नाही. विमानात तीन. लिस्बनला उतरून बाहेर यायला अर्धा तास, बॅग असेल तर पाऊण. विमानतळावरूनच मेट्रोची लाल लाइन निघते आणि वीस-पंचवीस मिनिटांत शहराच्या मधल्या भागात सोडते, पहाटे साडेसहा ते रात्री एक. बेरीज सात तासांच्या जवळ जाते. सकाळी आठला घर सोडलं तर लिस्बनच्या घड्याळात दुपारचे दोन, जेवायच्या वेळेला हॉटेल.

दोन्ही देश शेंगेनमधले, त्यामुळे मधे पासपोर्ट कंट्रोल नाही, तरी पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट जवळ हवंच, कोणीही कधीही मागू शकतं. मुंबईहून येत असाल तर इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होतं, आणि सिक्युरिटीही परत. ऑक्टोबर २०२५ पासून थोड्या दिवसांसाठी युरोपाबाहेरून येणाऱ्यांची सीमेवर फोटो वगैरे घेऊन नोंद करायची नवीन पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली, त्यामुळे रांग लांबू शकते. फ्रँकफर्ट म्हणतं ४५ मिनिटांत कनेक्शन होतं, मी तरी आईबाबांचं तिकीट काढताना दोन तासांच्या खाली घेणार नाही.

जाताना जमलं तर उजव्या बाजूची खिडकी घ्या. वारा उत्तरेकडून असला, आणि तिकडे बरेचदा तसाच असतो, तर विमान दक्षिणेकडून तेजू नदी ओलांडून शहरावरूनच खाली येतं, लाल झुलत्या पुलाजवळून, आणि उजवीकडे जुनं लिस्बन, किल्ला, नदी सगळं अगदी जवळ दिसतं.

पायरी ८: परतीचं विमान

लिस्बनला स्वस्तवाल्या बऱ्याच कंपन्यांची विमानं टर्मिनल २ वरून सुटतात, पण मेट्रो येते टर्मिनल १ ला. दोघांमधे फुकट बस आहे, तिच्यासाठी वीस मिनिटं वेगळी ठेवा. टर्मिनल २ वर खायला फारसं काही नाही.

आणि संध्याकाळची शेवटची फ्लाइट घेताना एक हिशोब करा. फ्रँकफर्टला रात्री ११ ते पहाटे ५ विमानांना बंदी आहे, २०११ पासून. परत येताना तीन तास प्रवास आणि एक तास घड्याळ, म्हणजे लिस्बनहून सातच्या नंतर निघणारं विमान फ्रँकफर्टला अकराच्या आत पोचणारच नाही, म्हणून तशी फ्लाइट बहुधा दिसणारच नाही. साडेसहाची दिसेल, ती तासभर रखडली की अकरा उलटतात. उशीर झालेल्या विमानाला मध्यरात्रीपर्यंत उतरू देतात, त्यानंतर मात्र ते कोलोन-बॉन किंवा अजून कुठे वळवलं जाऊ शकतं, किंवा लिस्बनहून सुटतच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लेक्चर किंवा ऑफिस असेल तर दुपारची फ्लाइट घ्या, वीस-तीस युरो जास्त गेले तरी चालतील.